अडतीस फुटांची वाटणी

१९३४ च्या एप्रिलमध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे आफ्रिकेतली शिकार आटोपून न्यूयॉर्कला उतरला आणि थोड्याच दिवसांत ब्रुकलिनमधल्या व्हीलर शिपयार्डमध्ये जाऊन पोचला. हॉवर्ड व्हीलरने १९१० मध्ये काढलेला हा लाकडी बोटींचा कारखाना. त्यांच्याकडे ‘प्लेमेट’ नावाच्या बोटी तयार होत. त्यातली अडतीस फुटी बोट हेमिंग्वेने पसंत केली. किंमत ७,४९५ डॉलर. त्या काळी नवी फोर्ड गाडी पाचसहाशे डॉलरांत मिळे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटावर, हेमिंग्वे ज्या दुमजली घरात राहत होता ते घर बायकोच्या, म्हणजे पॉलीनच्या, काकांनी तीन वर्षांपूर्वी ८,००० डॉलरांना घेऊन दिलं होतं. बोट जवळपास घराच्या भावात पडणार होती. एवढी रक्कम त्याच्या हाताशी नव्हती. ‘एस्क्वायर’ मासिकाचा संपादक अर्नोल्ड गिंग्रिच याने पुढच्या लेखांपोटी सुमारे ३,००० डॉलरांची उचल दिली, तेव्हा सौदा पुरा झाला.

प्लेमेट ही मुळात घरच्या माणसांसाठी बांधलेली बोट. पुढच्या बाजूला केबिन, तिच्यात झोपायचे बाक, चहा-जेवणापुरता ओटा, संडास. डोक्यावर छप्पर. हेमिंग्वेला हे सगळं हवं होतं, कारण त्याला तीन मुलगे होते आणि त्यांतल्या धाकट्याला तिसरं वर्ष लागलेलं होतं. पण त्याला मार्लिन आणि टूना हे मोठे मासेही हवे होते. टूना म्हणजे आपल्याकडच्या कुप्याचा अवाढव्य भाऊबंद. म्हणून त्याने कारखान्याला बदल सांगितले: पेट्रोलच्या जादा टाक्या, जिवंत आमिष ठेवायला हौद, बोटीला पांढऱ्याऐवजी काळा रंग, एकाच्या जागी दोन इंजिनं. आणि एक बदल असा, की त्यावर या साऱ्या प्रकारच्या बोटींचा पुढचा इतिहास अडून राहिला. बोटीची मागची फळी बारा इंचांनी खाली उतरवायची आणि तिच्या काठावर एक रुंद लाकडी रूळ बसवायचा. दमलेला मोठा मासा त्या रुळावरून सरकवत आत ओढून घेता यावा, हा हेतू.

मासेमारीसाठी आणि कुटुंबासाठी मिळून एकच मोठी बोट घ्यायची म्हटलं की वाटणीचा प्रश्न येतो, तो असा. माशाला मागची बाजू मोकळी लागते आणि कठडा बुटका लागतो. माणसांना सावली लागते, पाठ टेकायला जागा लागते, आणि तीन वर्षांचं पोर धावतं तेव्हा कठडा उंच लागतो. फळी एकच, तिची उंची एकच. तिच्यावर दोघांचाही हक्क. प्लेमेटच्या त्या बारा इंचांत मासा जिंकला.

हा प्रश्न अमेरिकेत पडायला मुळात स्वतःची इंजिनाची बोट घरोघर परवडायला हवी होती. त्या गोष्टीची सुरुवातही एका सहलीतच झाली. मूळचा नॉर्वेचा, विस्कॉन्सिन राज्यात वाढलेला ओले एव्हिनरूड हा यंत्रांचा कारागीर १९०६ च्या उन्हाळ्यात एका तळ्यावर मैत्रीण बेस केरी हिच्यासह सहलीला गेला होता. बेसला आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्हं मारत पलीकडच्या काठाला गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी. होडीच्या मागे अडकवता येईल असं छोटं इंजिन करायचं त्याच्या मनाने तिथेच घेतलं, असं सांगतात. १९०९ मध्ये ते इंजिन बाजारात आलं. दीड अश्वशक्तीचं आणि ६२ पौंड वजनाचं, म्हणजे एका माणसाने उचलून नेण्याजोगं. पुढे बेस त्याची बायको झाली आणि धंद्याचा पत्रव्यवहार व जाहिराती तिनेच सांभाळल्या. वल्ही टाकून देणाऱ्यांची संख्या नंतर वाढतच गेली.

मोठ्या माशांच्या छंदाचं उगमस्थान मात्र दुसऱ्या किनाऱ्यावर होतं. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १८९८ च्या जूनमध्ये १८३ पौंडांचा टूना नुसत्या काठी-रिळावर बाहेर काढला आणि त्याच वर्षी तिथल्या अव्हलॉन गावात ‘टूना क्लब’ स्थापन झाला. किती जाडीची दोरी चालेल, काठीला दुसऱ्याचा हात लागला तर काय, असे नियम त्या क्लबाने घालून दिले आणि छंदाला खेळाचं रूप आलं. अव्हलॉनच्या बोटींत मागे तोंड केलेल्या दोन खुर्च्या असत आणि एक नावाडी. झोपायची, स्वयंपाकाची सोय नाही. त्याची गरजही नव्हती. अव्हलॉन हे हवा खायला येण्याचं गाव, बायकामुलं किनाऱ्यावरच्या हॉटेलात थांबत आणि संध्याकाळी धक्क्यावर मासा बघायला येत. घर किनाऱ्यावर आणि मासा समुद्रात, अशी वाटणी तिथे आपोआप झालेली होती.

फ्लोरिडात ती टिकण्यासारखी नव्हती. इथे मासा गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहात. क्यूबा नव्वद मैल, बहामातलं बिमिनी बेट मायामीपासून सुमारे पन्नास मैल. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हे गणित जमत नाही. हेमिंग्वेने हे आधी दुसऱ्याच्या बोटीवर अनुभवलं होतं. की वेस्टमधल्या दारूच्या गुत्त्याचा मालक जो रसेल, त्याची ‘अनीता’ ही चौतीस फुटी बोट. १९३२ च्या वसंतात ती घेऊन हेमिंग्वे दोन आठवड्यांसाठी म्हणून हवानाला गेला आणि दोन महिने राहिला. बोटीवर दिवस कसे काढायचे आणि बोटीत काय कमी पडतं, ही दोन्ही शिक्षणं तिथेच झाली. नवी बोट निवडणाऱ्या कुणालाही याहून चांगली शाळा मिळणार नाही. यादीतलं चित्र बघून बोट घेणारा माणूस केबिन बघतो, दुसऱ्याच्या बोटीवर दोन महिने काढलेला माणूस मागची फळी बघतो.

व्हीलरची बोट रेल्वेने मायामीपर्यंत आली. मे महिन्यात ती पाण्यात उतरली आणि हेमिंग्वे ती की वेस्टला घेऊन गेला. नाव ठेवलं ‘पिलार’. पॉलीनचं हे जुनं खाजगी लाडनाव, आणि स्पेनमधल्या सारागोसा शहरातल्या मारियामातेचंही.

तिच्या दोन इंजिनांची व्यवस्था मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोठं इंजिन क्रायस्लरचं, ७५ अश्वशक्तीचं, ठिकाणावर लवकर पोचण्यासाठी. दुसरं लायकॉमिंगचं, ४० अश्वशक्तीचं, त्याचा दांडा वेगळा आणि पंखाही वेगळा. आमिष पाण्यात सोडून तासन्‌तास संथ गतीने बोट हाकत राहायचं असतं. मोठं पेट्रोल इंजिन इतकं हळू चालवलं की त्याचे प्लग काजळीने भरतात आणि ते अडखळू लागतं. म्हणून ते बंद करून छोट्यावर चालायचं. पण याच छोट्या इंजिनाचा दुसरा उपयोग घरच्यांसाठी होता. भर प्रवाहात मोठ्याने दगा दिला तर छोटं बोटीला घरी आणू शकत होतं. ना रेडिओची खात्री, ना मागून कुणी येण्याची. अशा पाण्यात मुलांना घेऊन जाणाऱ्या बापाला त्या चाळीस अश्वशक्तींचा केवढा आधार वाटत असेल! अडतीस फुटांत मासा आणि माणसं दोघांच्याही कामी सारखंच आलेलं काही असेल, तर ते हे.

पहिल्याच उन्हाळ्यात पिलारचा आणखी एक उपयोग झाला. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसचे चार्ल्स कॅडवॉलडर आणि हेन्री फाउलर हे दोघे क्यूबाच्या पाण्यातले मार्लिन अभ्यासायला बोटीवर आले. कुठला मार्लिन कुठल्या जातीचा, यावर तेव्हा मोठा घोळ होता. पुढच्याच वर्षी फाउलरने एका लहानशा काटेरी माशाच्या जातीला ‘निओमेरिन्थे हेमिंग्वेयाय’ असं नाव दिलं.  

१९३५ च्या एप्रिलमध्ये पिलार पहिल्यांदा बिमिनीला निघाली आणि वाटेतच माघारी फिरली. गळाला शार्क लागला होता. त्याला बाजूला ओढून धरलेलं असताना हेमिंग्वेच्या पिस्तुलातली गोळी कठड्यावरच्या पितळी पट्टीवर आपटली आणि तिचे तुकडे त्याच्याच दोन्ही पायांत शिरले. आठवड्याभराने बोट पुन्हा निघाली. बिमिनीला त्या वेळी एकच दुखणं होतं. टूना गळाला लागे, तास दोन तास झुंजे, आणि वर येई तेव्हा नुसतं डोकं शिल्लक असे. बाकीचं शार्कनी खाल्लेलं. हेमिंग्वेने त्या मोसमात माशाला क्षणभरही विसावा न देता ओढत राहायची पद्धत धरली आणि दोन टूना अखंड बाहेर काढले. त्या बेटावर काठी-रिळावर अखंड मिळालेले ते पहिले टूना मानले जातात. त्यांतला एक ३८१ पौंडांचा होता. मासा बोटीजवळ आल्यावरचा मिनिट दीड मिनिट सर्वांत घातकी. रक्त पाण्यात पसरलेलं असतं, शार्क जवळ असतात आणि शेकडो पौंडांचं धूड कठड्यावरून वर घ्यायचं असतं. बारा इंच उतरवलेली फळी आणि तिच्यावरचा रूळ यांचं मोल अशा वेळी कळतं.

मराठी वाचकाला हा प्रसंग अनोळखी नाही. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही १९५२ ची कादंबरी पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, आणि सांतियागो म्हाताऱ्याच्या होडीहून लांब असलेला तो मार्लिन इथल्या अनेक घरांत पोचला. म्हातारा हरतो तो मासा पकडता न आल्यामुळे नव्हे. पकडलेला मासा होडीत घेता येत नाही. तो होडीच्या अंगाला बांधून आणावा लागतो आणि वाटेत शार्क त्याचा सांगाडा करून टाकतात. बिमिनीच्या पाण्यात डोकं तेवढं उरलेले टूना ज्याने पाहिले होते, फळी उतरवून रूळ बसवून घेतला होता, त्या माणसाने ही गोष्ट लिहिली आहे. समीक्षक तिच्यात पुष्कळ काही शोधतात. ते असेल. पण मुळाशी मासा आत घेण्याची अडचण आहे, आणि ती अडचण लेखकाच्या हातांना ठाऊक होती.

बिमिनीच्या उन्हाळ्यांत पॉलीन आणि मुलंही येत. त्या दिवसांची सावली हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ या कादंबरीवर आहे. तिच्यात सुट्टीला आलेल्या तीन मुलांपैकी मधला मुलगा एका प्रचंड तलवार माशाशी तासन्‌तास झुंजतो आणि बाप व भाऊ त्याच्याभोवती उभे असतात. सहल आणि मासेमारी एकाच फळकुटावर आली की काय होतं, हे त्याहून चांगलं कुठे लिहिलेलं असेल असं वाटत नाही. पोराच्या हातापायांची सालपटं निघालेली आणि बापाला ठरवायचं आहे की काठी त्याच्या हातातून घ्यावी की नाही.

पिलारमध्ये बदल होतच राहिले. दोन्ही बाजूंना आमिष दूर धरणाऱ्या लांब काठ्या आल्या. ही कल्पना फ्लोरिडाचा तांडेल टॉमी गिफर्ड याच्या नावावर जमा आहे. छपरावर दुसरं सुकाणू आलं, म्हणजे उंचावरून मासा दिसावा. हा प्रत्येक बदल माशाच्या बाजूचा होता. १९४२-४३ मध्ये तर मुलांच्या बाकांखाली हातबॉम्ब गेले. क्यूबाभोवती जर्मन पाणबुड्या शोधत पिलार हिंडली, एकीशीही तिची गाठ पडली नाही. त्याच काळात ब्रुकलिनच्या कारखान्याने सहलीच्या बोटी बंद ठेवून तटरक्षक दलासाठी ८३ फुटी लाकडी गस्ती नौका बांधल्या. एकूण २३०. त्यांतल्या साठ नॉर्मंडीच्या किनाऱ्यापुढे बुडत्या सैनिकांना उचलायला उभ्या होत्या. पुढे हेमिंग्वेची चौथी बायको मेरी हीही मासेमारीची शौकीन निघाली आणि तिच्यासाठी ‘टिन किड’ नावाची निराळी छोटी बोट आली. एका बोटीत दोघांची हौस मावेना, यावर जगभर शेवटी हाच उपाय केला जातो.

युद्धानंतर हा वाद खऱ्या अर्थाने सुटला तो फ्लोरिडातच, वेस्ट पाम बीचच्या रिबोविच कुटुंबाच्या कारखान्यात. बाप जॉन युरोपातून आलेला सुतार, त्याचे तीन मुलगे जॉनी, टॉमी आणि एमिल. तोवर दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करता करता त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. लोक सहलीच्या बोटी विकत घेतात आणि मग त्यांना कापून, ठोकून मासेमारीच्या करतात. म्हणजे हेमिंग्वेने केलं तेच. १९४७ मध्ये चार्ल्स जॉन्सन या शेव्हरोले गाड्यांच्या विक्रेत्यासाठी त्यांनी ‘मिस शेव्ही टू’ ही चौतीस फुटी बोट पहिल्या लाकडापासून मोठ्या माशासाठी म्हणून बांधली. आजच्या मासेमारीच्या बोटीची बाह्यरेषा तिथून सुरू होते: पुढे उंच नाळ, मागे उतरत गेलेला कठडा, मधोमध फिरती खुर्ची.

आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मागच्या फळीला दार बसवलं.

इतकी साधी गोष्ट. फळी उतरवायची नाही, रूळ नको, कठडा माणसाच्या मांडीइतका राहू द्यायचा आणि त्यात पाण्याच्या पातळीपासून थोडं वर उघडणारं एक दार ठेवायचं. मासा आला की दार उघडा, दोघांनी धरून आत सरकवा, दार लावा. एरवी कठडा उंचच. बारा इंचांसाठी जे भांडण होतं ते एका बिजागरीने मिटवलं. बोटींच्या इतिहासात वेगाच्या आणि अश्वशक्तीच्या गोष्टी मोठ्या आवाजात सांगितल्या जातात. या दाराचा मान त्यांच्याहून जास्त आहे.

दुसरा राहिलेला प्रश्न पोटाचा होता, बोटीच्या आणि माणसांच्याही. सपाट बुडाची वेगवान बोट लाटेवर आपटते. मासेमार ते सोसतो, पण मागे बसलेली बायकामुलं एकदा सोसतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका चषकाच्या शर्यतींच्या वेळी डिक बर्ट्रम या बोट-विक्रेत्याने एक लहान बोट खवळलेल्या पाण्यातून सहज जाताना पाहिली. तिचं बूड पुढून मागपर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखं खोल होतं. रेखाटन रे हंट या नौकाशिल्पीचं. बर्ट्रमने त्याच्याकडून मोठी बोट आखून घेतली आणि तिला आपल्या बायकोचं लाडनाव दिलं, ‘मॉपी’. पिलारच्या पंचवीस वर्षांनंतरही नाव ठेवण्याची रीत तीच राहिली. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत प्रचंड लाटांतून मॉपी आठ तासांत पोचली. पुढची बोट आली ती दोन तासांनी, आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी. त्याच लाकडी बोटीवरून साचा काढून फायबरग्लासची ‘बर्ट्रम ३१’ बाजारात आली. बूड एकच, वरचा भाग गिऱ्हाइकाच्या पसंतीचा: कुणाला मागे मोकळं अंगण असलेली मासेमारीची, कुणाला केबिन वाढवलेली सहलीची. खोल बुडाची बोट उभी असताना जास्त डुलते आणि तिला इंजिनही दमदार लागतं. ती किंमत लोकांनी आनंदाने मोजली.

एकतीस फुटांत भागत असताना अडतीस कशाला, हा हिशेब मात्र तिथल्या प्रत्येक घरात होतो, आणि तो फूटपट्टीने केला तर चुकतो. त्याच घडणीची बोट सात फुटांनी लांबली की ती रुंदीने आणि खोलीनेही वाढते. आकारमान पावणेदोन पटींहून अधिक होतं. पेट्रोल, रंगकाम आणि दोरी धरायला लागणारे हात, सगळं लांबीहून अधिक वेगाने वाढतं. लहान बोटींची चिंता वेगळी. त्यांत माणसं कोंबली जातात. १९७१ च्या अमेरिकन कायद्यानंतर वीस फुटांखालच्या बोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी ठोकणं बांधणाऱ्यावर बंधनकारक झालं. वीस फुटांच्या वर ही जबाबदारी सुकाणू धरणाऱ्याची.

रिबोविच बंधूंचं दार आता साध्या घरगुती बोटींवरही दिसतं. त्याच्या बाहेर पाण्यालगत एक फळी असते, फळीला शिडी. समुद्रात डुंबून आलेली मुलं त्या शिडीने चढतात आणि टूनासाठी कापलेल्या त्या दारातून आत येतात.

पिलारला ते दार कधी लागलं नाही. १९६१ मध्ये हेमिंग्वे गेल्यावर मेरीने बोट तिचा जुना तांडेल ग्रेगोरियो फुएंतेस याला दिली आणि त्याने ती क्यूबा सरकारच्या हवाली केली. हवानाजवळच्या सान फ्रान्सिस्को दे पाउला गावात हेमिंग्वेच्या घराच्या आवारात, पूर्वी जिथे टेनिस खेळत त्या जागी, ती छपराखाली कोरड्यावर उभी आहे. शेजारी त्याच्या चार कुत्र्यांच्या समाध्या आहेत. काळं अंग, हिरवं छप्पर, आणि मागच्या उतरवलेल्या फळीवर रंगवलेली दोन नावं: पिलार, की वेस्ट.